तालीम, शास्त्रपाठ आणि उपास

प्रश्न : मी रोज पहाटे तालमीत जातो. जोर, बैठका, हौद्यातला सराव कधी चुकत नाही. बायबलवाचन मात्र टिकत नाही. यंदा उत्पत्तीपासून सुरुवात केली, ती तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात बंद पडली. त्यात मंडळीतले (चर्चमधले) काहीजण म्हणतात, प्रेषित पौलानेच शरीराच्या कसरतीला कमी लेखलं आहे, तालीम सोड. – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तालीम सोडू नका. पौलाच्या पत्रात, १ तीमथ्य ४:८ मध्ये, शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा म्हटला आहे, नाही असं म्हटलेलं नाही. त्याच अध्यायाचं तिसरं वचन वाचा. लग्नाला मनाई करणाऱ्या आणि अमुक अन्न खाऊ नका म्हणणाऱ्यांचा पौल तिथे समाचार घेतो. शरीराचा तिटकारा करायला तो शिकवत नाही. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, आणि करिंथच्या मंडळीला लिहिताना (१ करिंथ ९:२४-२७) त्याने धावणारा आणि मुष्टियोद्धा यांचेच दाखले घेतले.

आता वाचन. लेवीयात अडकणारे तुम्ही एकटे नाही. यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम पूर्वतयारीशिवाय जड जातात. कुठलाही वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगत नाही. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. अध्याय १६ आहेत. रोज एक मोठ्याने वाचला तर सहा-सात मिनिटं लागतात. त्यातलं एक वचन निवडून चार मिनिटं त्यावरच थांबा, मग चार मिनिटं त्याच वचनाला धरून प्रार्थना करा. पंधरा मिनिटं झाली, की उठा. उत्साह असला तरी पहिला महिनाभर वेळ वाढवू नका. पुढे रोज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र जोडा. ११९ वं मात्र १७६ वचनांचं आहे, त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग मूळातच पडलेले आहेत, तसंच घ्या.

वेळ तालमीला निघण्यापूर्वीची ठेवा, मोबाइल हातात घेण्याआधीची. मेहनत करून आल्यावर खुराक पोटात गेला, की डोळे मिटतात. तो दोष भक्तीचा नाही, थकव्याचा आहे.

दिवस चुकला तर तो भरून काढू नका. संपूर्ण बायबलचे ११८९ अध्याय रोज ३ आणि रविवारी ५ या हिशोबाने वर्षात होतात, पण तीन दिवस बुडाले, की चौथ्या दिवशी बारा अध्याय समोर येतात आणि पुस्तक मिटतं. त्या दिवसाचा भाग तेवढा वाचा आणि पुढे चला.

एक फरक मात्र लक्षात असू द्या. दंड भरले की आरशात दिसतात; इथली वाढ गलतीकरांस ५:२२-२३ मधल्या प्रेम, आनंद, शांती अशा फळांवरून कळते, आणि ती आपल्याआधी घरच्यांना दिसते. शिवाय या मेहनतीने देवाची मर्जी विकत मिळत नाही. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये आपली खटपट आणि देवाचं आपल्यात कार्य करणं एकाच दमात आलं आहे. तरी वस्ताद हवाच. मंडळीतल्या एखाद्या मुरलेल्या माणसाला आठवड्यातून अर्धा तास भेटा. काय वाचलं, कुठे अडलं, कुणाशी वाकडं आलं, एवढं त्यांनी विचारलं तरी पुरे.

प्रश्न : उपवासकाळात कुस्तीचा सराव करणाऱ्याने उपास कसा धरावा?

उत्तर : भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून ४० दिवस होतात. रोज कडक उपास आणि रोज लढती, हे जमत नाही. पाणी आणि मीठ कमी पडलं, की पेटके येतात, चक्कर येते. आठवड्यातला विश्रांतीचा दिवस निवडा आणि एक जेवण सोडा. पाणी सोडू नका. वाचलेल्या वेळात प्रार्थना, वाचलेल्या पैशात कुणा उपाशी माणसाचं जेवण (यशया ५८:७). उपास सोडताना पेज, ताक किंवा वरणभात घ्या. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं ताट दुसऱ्या दिवशी. वजनी गटासाठी जेवण टाळत असाल, तर त्याला उपास म्हणू नका. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. आणि तालमीत सांगत फिरू नका, मत्तय ६:१६-१८.

प्रश्न : रविवारी कुस्त्यांचं मैदान असलं तर उपासना बुडवावी का?

उत्तर : मैदानं बहुधा दुपारनंतर असतात, सकाळची उपासना होते. लांबच्या गावी जायचं असेल, तर पाळकसाहेबांना आधी सांगा आणि त्या आठवड्याची संध्याकाळची प्रार्थनासभा धरा.