"तेहतीस वर्षं? मग पोरीचं काय?"

मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांना, आप्पांना, घेऊन पुढं काय शिकावं याचा सल्ला घ्यायला सांगलीत माझ्याकडे आली. तासगावकडची द्राक्षबाग, घरचंच बेदाणा शेड. तिला रेणूंच्या यंत्रांवर संशोधन करायचंय, म्हणजे एम.एस्सी. आणि पुढं पीएच.डी. आप्पांचा एकच सवाल: "डोळ्याला दिसत न्हाई त्या यंत्राचा उपेग काय, मॅडम? बी.एड. करू दे, न्हाईतर औषध कंपनीत लागू दे."

हा प्रश्न घेऊन पुष्कळ पालक येतात. मला तो कधीच अडाणीपणाचा वाटत नाही.

उत्तर मी तिलाच द्यायला लावलं. आप्पांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या, एकमेकींत अडकलेल्या दोन कड्या तिनं बोटांत धरल्या. "या चिकटवलेल्या नाहीत, तरी सुटत नाहीत. १९८३ मध्ये फ्रान्समध्ये सोवाज यांनी तांब्याच्या आयनाच्या आधारानं रेणूंच्या अशाच कड्या गुंफल्या. १९९१ मध्ये स्टॉडार्ट यांनी दांड्यावर सरकणारी रेणूची कडी केली. १९९९ मध्ये फेरिंगा यांनी उजेडावर एकाच दिशेनं फिरणारी मोटर. तिघांना २०१६ चं नोबेल."

आप्पांनी लगेच हिशेब घातला. "तेहतीस वर्षं?"

तो आकडा मी झाकला नाही. ही यंत्रं अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहेत, हेही सांगितलं. पण फेरिंगा शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठात शिकवायला लागण्याआधी त्यांनी शेल कंपनीत नोकरी केली होती, म्हटल्यावर ते सावरून बसले.

मग मनातलं बाहेर आलं. "अवकाळीनं दोन हंगाम गेलं. मधीच माझा हात आखडला, तर पोरगी ना हिकडची ना तिकडची."

इथून खरं बोलणं सुरू झालं. कागद घेतला. जॅम या प्रवेश परीक्षेतून एम.एस्सी.; मग सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती. ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००. म्हणजे पीएच.डी.चा भार आप्पांवर नाही. दोन प्रयत्नांत जेआरएफ नाहीच मिळाली, तर एम.एस्सी.वर कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये अर्ज. ही मुदत तिनं स्वतःच्या हातानं लिहिली. मी घालून दिलेली मुदत मुलं पाळत नाहीत, हा माझा अनुभव.

"जॅम कवा असती?"

"फेब्रुवारीत."

आप्पा गप्प झाले. ऐन बेदाण्याचे दिवस. द्राक्षं बुडवायचं पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी शेडवर तीच मोजून करते.

"यंदा पाणी मी करतो," ते तिला म्हणाले. "परमाण तेवढं लिहून ठेव."