मालवणात कॉम्प्युटरचं कॅबिनेट साफ करताना

आधी स्विच बंद करून वायर काढ, मग पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून धर. आतल्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालव. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने हलत नाही. पातं बोटाने धर, मऊ कोरड्या ब्रशने धूळ सोडव, मगच वारा मार. पंखा गरगरला तर बेअरिंग जाऊ शकतं. ओलं फडकं अजिबात नको रे! चिकट जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल (लगेच उडून जाणारं सफाईचं द्रव), कापसाच्या काडीवर थोडंच, आणि पूर्ण सुकल्याशिवाय मशीन लावू नकोस. पॉवर सप्लाय (आतला वीज पुरवणारा डबा) मात्र कधीच उघडू नकोस. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोराचा शॉक बसेल इतकी वीज साठलेली असू शकते.