उन्हाळ्यातील पातळ कवचाची अंडी आणि कोंबड्यांची टोचाटोची

प्रश्न : माझ्याकडे अंड्यांच्या ३०० कोंबड्या आहेत. शेड २५ बाय २० फुटांचे, पत्र्याचे व दक्षिणोत्तर असून खाली तुसाची गादी आहे. एप्रिलपासून अंड्यांचे कवच पातळ झाले असून कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात आणि गुदद्वाराशी टोचून रक्त काढतात. शिंपल्यांचा चुरा वाढवूनही फरक पडलेला नाही. चोची कापाव्यात काय?
— एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : चोची कापण्याची घाई करू नये. आपण दोन तक्रारी लिहिल्या असल्या तरी दोहोंचे मूळ बव्हंशी शेडमध्येच असावे, असे आपल्या वर्णनावरून वाटते.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. त्यामुळे ऊन वाढले की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताची आम्लता घटते आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट व रक्तातील वापरण्याजोगे कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. शिवाय उष्म्याने ती खातेही कमी. शिंपल्यांनी फरक न पडण्याचे कारण हेच. कवच मुख्यतः रात्री बनत असल्याने शिंपले संध्याकाळी द्यावेत. पहाटे दिवे लावून नैसर्गिक उजेडासह एकूण १६ तासांचा प्रकाश ठेवल्यास कोंबड्या गारव्यात खातात. दुपारी खाद्य पुढे करून उपयोग नाही, मात्र गार पाणी सतत हवे.

आता टोचाटोचीविषयी. गादीवर प्रत्येक कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा लागते, म्हणजे आपल्याला ६०० हवी आणि आहे ५००. त्यात शेड दक्षिणोत्तर असल्याने सकाळ-संध्याकाळचे ऊन लांब बाजूंनी थेट आत येते, आणि प्रखर उजेड टोचण्याला खतपाणी घालतो. (शेड पूर्व-पश्चिम बांधावे, हे सांगणारे कोणी बांधकामाच्या वेळी भेटत नाही!) उकरणे, चोचीने वेचणे आणि धुळीत लोळणे या कोंबडीच्या उपजत गरजा आहेत, गादी ओली होऊन घट्ट बसली की वेचण्यासाठी शेजारणीची पिसे उरतात. अशा गादीतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना व श्वासनलिकेला त्रास देतो, तो वेगळाच. म्हणून गादी रोज खालीवर करावी, ओला भाग काढून कोरडे तूस घालावे आणि एका कोपऱ्यात बारीक मातीची पेटी ठेवावी. गुदद्वाराशी टोचण्याचे कारण बहुधा घरट्यांची उणीव हे असते, कारण उघड्यावर अंडे घालताना बाहेर आलेला लालसर भाग इतरींना दिसतो. पाच कोंबड्यांमागे एक या हिशेबाने अंधाऱ्या जागी ६० खोकी हवीत. जखमी कोंबड्या आजच वेगळ्या कराव्यात आणि खाद्यातील प्रथिने व मीठ पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

पत्र्यावर उसाचे पाचट पसरून दुपारी पाणी मारावे. लांब बाजूंना छज्जा किंवा शेडनेट बाहेरून लावावे, पण वारा अडेल असे पोते आत बांधू नये. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) आपल्याकडच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, कोकणातल्या दमट हवेत तितका नाही. मात्र गादी भिजेल इतका वेळ तो चालवू नये. जागेची अडचण सुटेपर्यंत ५० कोंबड्या कमी करणे हा मार्ग आपल्याला रुचणार नाही, पण पहिले पाऊल म्हणून मी तोच सुचवीन.