आधी स्वतःची फाइल उघड

डेटा विश्लेषण शिकायचंय ना? मग आर की पायथन, कुठली प्रोग्रामिंग भाषा घ्यायची यावर महिना घालवू नकोस. पायथन घे, कामाला लाग. सरावाला तयार डेटा नको, स्वतःच्या बँक खात्याच्या उताऱ्याची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) घे. पांडासमध्ये, म्हणजे तक्त्यातला डेटा हाताळायच्या पायथनच्या लायब्ररीत, ती उघडलीस की आधी प्रत्येक रकान्याचा प्रकार बघ. '1,25,000' मधल्या स्वल्पविरामांमुळे रक्कम आकडा न राहता मजकूर होते आणि बेरीज करायला गेलास की आकडे एकमेकांना चिकटून शेपूट तयार होतं. माझा अख्खा रविवार यात गेला होता! तारखांचंही तेच. 03/04 म्हणजे आपली 3 एप्रिल. पांडास ती 4 मार्च धरतं. दिवस आधी आहे हे त्याला वाचतानाच सांगायचं. क्लास वगैरे राहू दे. महिन्यावार खर्चाची बेरीज काढ, मग एक्सेलमध्ये ताडून बघ.