गेम सुरू केला की पीसी खटकन बंद होतो, पण एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) १२ व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटर १२.१ व्होल्ट दाखवतो. एसएमपीएस ठीक आहे असं समजायचं का?

नाही, तेवढ्यावरून समजू नका. तुम्ही ते रीडिंग डेस्कटॉप स्क्रीनवर, मशीन निवांत असताना घेतलंय. त्या वेळी अख्खा पीसी जेमतेम शंभरेक वॅट खात असेल. तेवढ्याला मरायला टेकलेला एसएमपीएससुद्धा सरळ आकडा दाखवतो. शिवाय मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ग्राफिक्स कार्ड मात्र गेममध्ये सीन बदलला की मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी आपल्या छापील वॅटच्या दुप्पट झटका मारू शकतं, आणि तो मीटरला दिसतच नाही. २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अशा झटक्यांसाठी वेगळी अट घालावी लागली ती याचमुळे. आत जुने झालेले कपॅसिटर असतील तर १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक थरथर, वाढतो. त्याची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, पण तो मोजायला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो.

म्हणून मी आकड्यांच्या आधी मशीन मरतं कसं ते बघतो. स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतायत, गेमचा आवाज अडकून घरघरतोय, तर माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. पंखे, लाइट, कीबोर्ड सगळं एका क्षणात गेलं तर एसएमपीएसवर. आणि त्यानंतर पॉवर बटण दाबल्यावर पंखा नुसता हलून थांबतो किंवा काहीच होत नाही, पण मागचा स्विच बंद करून मिनिटभराने चालू केला की मशीन मुकाट सुरू होतं, असं असेल तर एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होऊन लॅच झालंय, म्हणजे वीज तोडून तसंच अडकून बसलंय. ही खूण मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाची वाटते. मात्र ट्रिप होण्यामागे कार्डातला शॉर्टही असू शकतो, हे डोक्यात असू द्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ हा एरर दिसेल आणि लोक लगेच सांगतील, ‘एसएमपीएस बदल’. त्या ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन गेलं. वीज गेली तरी तोच एरर येतो. त्याच्या आसपास WHEA-Logger चे, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांचे, एरर दिसले तर आधी प्रोसेसर, रॅम आणि ओव्हरक्लॉकिंगकडे (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) बघा.

आता खर्च न करता करायची तपासणी. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (ते किती वीज खाऊ शकतं त्याची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम रेट ६० ला बांधा आणि तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर प्रश्न बहुधा पॉवरचा आहे, मग तो एसएमपीएसचा असो, केबलचा असो की कार्डाच्या स्वतःच्या पॉवर सेक्शनचा. फरमार्क (कार्डावर जड लोड टाकणारं टेस्ट सॉफ्टवेअर) तासभर चाललं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरवू नका. त्याचा लोड जड असतो पण एकसारखा, आणि तुमचं मशीन पडतंय ते बहुधा चढउतारावर.

मग केबल बघा. एकाच केबलला दोन शेपट्या असतात, त्या दोन्ही कार्डात घातल्या असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. ८ पिनचा एक कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, आणि एका केबलवर सगळा भार टाकला की व्होल्टेज वाटेतच पडतं. कनेक्टर काढून उजेडात धरा. एखाद्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा वितळून दबलं असेल तर ती केबल पुन्हा वापरू नका, आणि कार्डाच्या बाजूचा सॉकेटही बघा.

मीटर लावायचाच असेल तर गेम चालू असताना, कार्डाच्या कनेक्टरला मागून प्रोब घालून १२ व्होल्ट बघा. ११.४ ते १२.६ ही मान्य हद्द. १२.१ वरून ११.९ झालं तर ठीक, ११.४ च्या खाली लोंबायला लागलं तर एसएमपीएस किंवा केबल गुन्हेगार. प्रोब घसरून दोन पिना जुळल्या तर मात्र नवीनच दुखणं मागे लागेल, हात स्थिर नसेल तर हा भाग सोडून द्या. हिरवी वायर काळीला जोडून करायची पेपरक्लिप टेस्ट तुमच्या काही कामाची नाही. एसएमपीएस चालू होतो एवढंच त्यातून कळतं, आणि ते तुम्हाला माहीतच आहे. आणि एसएमपीएस उघडून कपॅसिटर फुगलेत का ते बघायच्या फंदात पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

शेवटी सोक्षमोक्ष लागतो तो पुरेशा वॅटचा दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच. मित्राचा मागून आणा, पण त्याच्या सगळ्या केबलसकट. मॉड्युलर केबलचं (एसएमपीएसपासून सुटी करता येणारी केबल) एसएमपीएसकडचं टोक सारखं दिसलं तरी पिनांची रचना वेगळी असू शकते, अगदी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा. तुमच्या जुन्या केबल त्याला लावल्यात तर हार्ड डिस्क जागीच जाऊ शकते.