उपवास पप्पांचा, उपाशी सगळं घर

राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, जवळ आला की माझ्याकडे तोच प्रश्न यायला लागतो, वसईत समुपदेशनाची प्रॅक्टिस करते म्हणून असेल. "मॅडम, दरवर्षी ठरवतो, या उपवासकाळात साधं राहायचं, सगळ्यांशी चांगलं वागायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळं बोंबलतं. मग आधीपेक्षा जास्त वाईट वाटतं." कोणी गोड सोडलेलं असतं, कोणी दारू, कॉलेजची मुलं इन्स्टा उडवतात आणि चौथ्या दिवशी परत टाकतात. मी ख्रिश्चन नाही, पण माझ्या आजीचा चातुर्मास आणि त्यातला तिचा पारा दोन्ही मी जवळून बघितलंय, त्यामुळे हे दुखणं मला नवीन नाही. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एक केस सांगते, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

पन्नाशीचे गृहस्थ. घरात बायको, कॉलेजला जाणारी मुलगी आणि ऐंशी ओलांडलेली आई. पहिल्या दिवशी मुलगी सोबत आली होती, त्यांनी बोलायला सुरुवात करायच्या आत तीच म्हणाली, "पप्पांचा उपवासकाळ सुरू झाला की उपास आम्हाला पडतो." ते जाम चिडले. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, अशी वाक्यं फुकट मिळत नाहीत.

त्यांची तक्रार वेगळीच होती. मटण-मच्छी बंद, चहा बंद, रात्रीचा टीव्ही बंद, शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला न चुकता हजर, आणि एवढं करून राग मात्र आवरत नाही, कशावरून तरी घरात भडका उडतो आणि मग "मी ढोंगी आहे" म्हणून रात्रभर झोप नाही.

मी विचारलं, "या सगळ्याचा भुर्दंड कोणाला?"

"भुर्दंड कसला मॅडम, सोडलंय तर मी ना."

"आई काय जेवतात सध्या?"

गप्प झाले. मग हळूहळू बाहेर आलं. आईला सुकट असल्याशिवाय घास उतरत नाही, पण चाळीस दिवस घरात मच्छी शिजणार नाही हा यांचा हुकूम. मी म्हटलं, मला माहीत नाही म्हणून विचारते, चर्चचा नियम काय आहे? त्यांनीच सांगितलं, अगदी मास्तरांसारखं, की वर्ज्य असतं ते मांस, मच्छी नाही, आणि उपवासाची सक्ती 18 ते 59 वयाला, ती पण राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे अशी दोनच दिवस. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. आई तर केव्हाच त्या वयाच्या बाहेर!

मग मी विचारलं, राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग) कुठलं वाचतात? त्यांना पाठ होतं, मत्तयचा सहावा अध्याय. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, उपास कराल तेव्हा तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा... तिथे थांबले. मी काहीच बोलले नाही. एकोणीस वर्षांत मला एक गोष्ट बरी जमायला लागलीय, गप्प बसणं. दोनेक मिनिटांनी म्हणाले, "दरवर्षी ऐकतो हो हे."

मी त्यांना काही सोडायला सांगितलं नाही, सोडण्यात ते पटाईतच होते. फक्त म्हटलं, चहा तुम्ही पिऊ नका पण करा. सकाळी आईला कप द्यायचा आणि तिचा चहा संपेपर्यंत शेजारी बसायचं. मोबाईल नाही, सल्ला नाही, तिचं वाक्य मध्येच पुरं करायचं नाही. आणि मी हे करतोय म्हणून कोणाला सांगायचं नाही. हसले, "एवढंच?"

पुढच्या आठवड्यात आले ते वैतागूनच. "मॅडम, उपवास परवडला. ही दहा मिनिटं जीव काढतात." आई रोज तीच गोष्ट सांगायची, पहाटेच्या गाडीने फुलांचा भारा घेऊन दादरला कशी जायची ते, आणि यांना वाडीत पाणी सोडायची घाई.

खरं सांगते, माझ्या डोक्यात त्या दिवशी लख्ख उजेड पडला, आणि हे मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. एखादी वस्तू सोडली की लगाम आपल्याच हातात राहतो, म्हणून ते माणसाला जमतं आणि त्याचा थोडा माजही चढतो. पण कोणाशी प्रेमाने वागायचं म्हणजे दहा मिनिटं का होईना लगाम समोरच्याच्या हातात देणं. तिचा चहा ती तिच्या वेगाने पिणार, गोष्ट तिला हवी तीच सांगणार. यांचं सगळं आयुष्य "झालंच पाहिजे"मधल्या त्या "च" वर चाललेलं, आणि तो "च" आईच्या कपापाशी चालेना.

अकराव्या दिवशी व्हायचं तेच झालं. आईवर खेकसले, चहा न देताच वाडीत निघून गेले, दुपारी मला फोन, "मोडलं. संपलं या वर्षीचं." मी म्हटलं, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा बघू. 46 भरतात. चाळीस कसे होतात? मध्ये येणारे सहा रविवार धरत नाहीत म्हणून. म्हणजे सलग चाळीस कोणी मागितलेच नव्हते की. ते म्हणाले, "रविवार त्यासाठी नसतात मॅडम." म्हटलं माहितीये, पण संध्याकाळचा चहा अजून व्हायचाय ना? फोन ठेवला त्यांनी. चहा केला असावा.

आता तुमच्यासाठी. ठरवताना गोष्ट एवढी छोटी ठरवा की तिचं कौतुक करून घ्यायला लाज वाटेल, आणि तिला माणूस आणि वेळ चिकटवा, नुसतं "सगळ्यांशी गोड बोलेन" हे हवेत विरतं. माणूस शक्यतो आवडीचा नको. एका बाईंनी विरार लोकलमध्ये रोज चौथ्या सीटसाठी कोणी विचारायच्या आधी सरकायचं ठरवलं होतं, तेही तोंड वाकडं न करता, आणि हे तोंडाचं कलम तिला महिनाभर पुरलं. साधेपणाचंही तसंच, तुमच्या साधेपणासाठी घरातल्या बाईला दोन वेगळे टोप चढवायला लागत असतील तर तो साधेपणा नाही, पथ्याचा थाट आहे. श्रावण असो की रमजान, भुर्दंडाचा प्रश्न एकदा घरात विचारून बघा, उत्तर मुलं देतात.

ईस्टर झाल्यावर त्या गृहस्थांचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पण सवयीने चहा घेऊन बसले, तर आई म्हणाली, "आता सांगते, तुझ्या चहात साखर लय पडते." म्हणे, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"उपवासकाळ होता ना माझा पण."