सहलीआधीचे चार कागद

दिवाळीच्या सुट्टीआधीचे पंधरा दिवस आणि एप्रिलची अखेर, अशी वर्षातून दोनदा समुपदेशक म्हणून माझ्यासमोर पालकांची एकच तक्रार येऊन बसते. "रजा काढतो, पैसे बाजूला टाकतो, सगळं मुलांसाठीच करतो. आणि तिथं गेल्यावर एकाचं तोंड फुगलेलं, दुसऱ्याचा रस्त्यात हट्ट. घरी पोचेपर्यंत आम्हा दोघांचीही बोलचाल बंद. आमचं चुकतंय कुठं?"

या प्रश्नाला मी हल्ली एका कुटुंबाची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, थोरल्या मुलीची तर आधी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब सोलापूरचं. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. आईवडील माझ्याकडे सहलीसाठी आलेच नव्हते. "मुलगी उलट बोलायला लागलीय" ही तक्रार होती आणि निमित्त होतं मुंबईचं. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मुंबई बघायची असं वडिलांनी ठरवलं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आणि थोरली म्हणाली, "तुम्ही जा. मी आजीजवळ राहते." वडिलांना ते फार लागलं होतं. बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला.

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. चौदा ठिकाणं होती त्यावर. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, तारांगण, नेहरू विज्ञान केंद्र, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, हाजी अली, सी लिंक, जुहू, मरीन ड्राइव्ह, आणि तारापोरवाला मत्स्यालय. मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. ते मी सांगितल्यावर त्यांनी पेन काढून त्यावर रेघ मारली, पण अगदी हलकी, वाचता येईल अशी. त्या रेघेकडे माझं लक्ष गेलं.

मागच्या वर्षी ते हैदराबादला गेले होते. एका दिवसात चारमिनार, सालारजंग, बिर्ला मंदिर आणि संध्याकाळी हुसेनसागर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोवळकोंडा आणि मग परतीची गाडी. "सगळं व्यवस्थित झालं होतं," वडील म्हणाले. आई काही बोलली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सहलीबद्दल विचारायची आपली एक पद्धत ठरलेली असते: "सांगा, कुणाला काय बघायचंय?" हा प्रश्न वाईट नाही, पण मुलं त्याला आपल्याला हवं ते उत्तर देतात किंवा खांदे उडवतात. मी वेगळा प्रश्न दिला. पुढच्या भेटीला चौघं आले तेव्हा प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, "या वेळी काय होऊ नये, एवढंच लिहा. नाव घालू नका. वाचून दाखवायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

धाकट्याने तत्काळ लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही: "बाबांनी सारखं चल चल म्हणू नये." आईने लिहिलं, "सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि स्वेटर माझ्याकडे नकोत. आणि डोंबिवलीचं काय करायचं ते आधी ठरावं." वडिलांनी बराच वेळ घेऊन एक ओळ लिहिली: "परत आल्यावर काहीतरी बघायचं राहून गेलं, असं वाटू नये." थोरलीने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. वाचला नाही.

वडिलांना मी विचारलं, "कुणाचं राहून जाईल असं वाटतं?"

"मुलांचं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माझंच राहिलंय खरं तर."

ते सहावीत असताना शाळेची सहल मुंबईला गेली होती. वडील गिरणीत होते, त्या वर्षी गिरणी बंद पडली होती, सहलीचे पैसे मागायची सोयच नव्हती. वर्गातली मुलं परत आली आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत एकच विषय: म्हातारीचा बूट, मत्स्यालय, राणीची बाग. ती चौदा ठिकाणं बरीचशी तिथून आलेली होती. बायकोलाही हे माहीत नव्हतं. धाकटा म्हणाला, "मग बाबा, तुम्ही कधी मुंबई बघितलीच नाही?" कामाला जाऊन आले होते की ते अनेकदा. पण दादरला उतरायचं, काम करायचं, रात्रीची गाडी धरायची.

थोरली त्यांच्याकडे बघत होती. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

तिच्याशी मी नंतर एकटीशी बोलले. कागदावर लिहिलं होतं: "बाथरूमला जायचंय हे सगळ्यांसमोर सांगावं लागू नये." गोवळकोंड्याला पायऱ्या चढायच्या आधीच तिची पाळी सुरू झाली होती, तारखेच्या चार दिवस आधी. बालाहिसारच्या साडेतीनशेहून जास्त पायऱ्या. पायथ्याच्या दरवाज्याशी टाळी वाजवली की ती वर ऐकू येते, म्हणून वडील धाकट्याला घेऊन भराभरा पुढे गेले, आई खाली टाळी वाजवायला थांबली, आणि ही मध्येच एका पायरीवर ओढणी कमरेला बांधून बसून राहिली. वरून हाका येत होत्या. गाडीची वेळ होत आली होती. खाली आल्यावर सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "एवढ्या लांब आणलं आणि तू बसूनच राहिलीस." तिने आईलाही ते संध्याकाळी गाडीत सांगितलं, तेही अर्धंच.

तिला मुंबई नको नव्हती. तिला तो दिवस परत नको होता.

हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण अकरा ते पंधरा वयाच्या मुलींचं "मला नाही यायचं" माझ्यासमोर फार वेळा येतं आणि घरात त्याचा अर्थ मोबाइल, मैत्रिणी, शिंगं फुटणं असाच लावला जातो. दर वेळी कारण हेच असेल असं नाही. पण विचारून बघावं, आणि सगळ्यांच्या देखत विचारू नये.

तिला विचारलं, बाबांना सांगू का? नको म्हणाली. आईला? हो. मग बाबांना मी फक्त एक नियम दिला, कारण न सांगता: दर दोन तासांनी सगळ्यांनी थांबायचं. स्वच्छतागृह, पाणी, बसणं. कुणीही मागायची वाट बघायची नाही, आणि ज्याला नको त्यानेही थांबायचं. धाकट्याच्या कागदाचं उत्तरही त्यातच होतं. आठ वर्षांच्या मुलाचे पाय दुखले तर तो "पाय दुखतात" म्हणत नाही, फुगा मागतो, कणीस मागतो, मग फतकल मारून बसतो. मुलाचा थकवा आणि भूक हट्टाच्या रूपानेच बाहेर पडते. आपण हट्टाशी भांडत बसतो आणि त्याला हवी असते एक इडली आणि दहा मिनिटं सावली.

मग बसून नियोजन केलं. मी प्रवासी कंपनी नाही, पण या कामात तपशिलाशिवाय सल्ला लुळा पडतो. चौदापैकी तीन उरली, दिवसाला एक. निवड मुलांनी केली. धाकट्याला राणीच्या बागेतले पेंग्विन आणि दुमजली बस. जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३मध्ये बंद झाल्या, पण विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस सीएसएमटीपासून नरीमन पॉइंटकडे जातात. थोरलीला समुद्र, "आणि तिथं काहीच न करता बसायचं." वडिलांना घारापुरी. आईला विचारलं तर म्हणाली, "मला सकाळी उठून डबा करायचा नसला की झालं." ते ठिकाण नाही म्हणून आम्ही सोडलं नाही, यादीत घातलं.

वार बघायला मी मुलांनाच बसवलं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. शनिवारी पहाटे पोचून सोमवारी रात्री निघायचं होतं. म्हणजे रविवारी घारापुरी, सोमवारी गर्दी कमी असताना पेंग्विन, आणि पहिला दिवस समुद्राचा. हे थोरलीने दोन मिनिटांत जुळवलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं.

पहिल्या दिवसाची एक मेख सगळेच विसरतात. रात्रीची गाडी सकाळी लवकर पोचवते आणि लॉजची खोली मिळते दुपारी बाराला. ते मधले पाच तास मुलं अर्धवट झोपेत, बॅगा ओढत काढतात, आणि सहलीचं पहिलं भांडण तिथंच होतं. त्यांनी आधी फोन करून थोडे जास्त पैसे भरून खोली सकाळीच मागून घेतली. स्थानकावरची रेल्वेची विश्रामगृहंही तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात, तीही सोय लक्षात ठेवावी. दुपारी एक ते चार खोलीवर यायचं, हे तिन्ही दिवस पक्कं. "मुंबईला जाऊन झोपायचं?" वडील म्हणाले. हो, झोपायचं.

पिशव्यांचं सोपं होतं. प्रत्येकाची पाठीवर एक, धाकट्याच्या पिशवीत त्याची बाटली आणि टोपी. दोघा मुलांना तीनशे तीनशे रुपये पहिल्याच दिवशी हातात द्यायचे आणि नंतर कशालाच हो किंवा नाही म्हणायचं नाही.

डोंबिवली मात्र सोपी नव्हती. तिथं वडिलांचे चुलतभाऊ राहतात. मुंबईत येऊन लॉजवर उतरलो तर काय म्हणतील? आणि डोंबिवलीला उतरलं तर रोज सव्वा तास लोकल, परतताना तेवढीच, शिवाय तिथल्या स्वयंपाकघरात आईने हात लावायचाच. वडील म्हणाले, "मग तू वहिनींना फोन करून सांग."

इथं मी त्यांना थांबवलं. अशा नकाराचा फोन सुनेने केला की त्याचा अर्थ "हिला आमचं घर लहान वाटलं" असाच होतो, आणि तो पुढच्या दहा लग्नकार्यांत निघतो. फोन चुलतभावाने चुलतभावालाच करायचा. त्यांनी माझ्यासमोर तो केला नाही, घरी जाऊन केला. रविवारी संध्याकाळी दोन्ही कुटुंबांनी गिरगाव चौपाटीवर भेटायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या म्हणे, बरं झालं, मलाही दिवाळीत चार पाहुण्यांचं करणं नको झालं होतं.

सहल काही आखल्यासारखी झाली नाही. घारापुरीला जाताना बोटीत धाकट्याला ओकारी झाली. तासाभराचा तो प्रवास संपल्यावर तो वर जायला तयार नव्हता. वडील धक्क्याजवळ त्याच्याबरोबर सावलीत बसले, आई आणि थोरली शंभरावर पायऱ्या चढून त्रिमूर्ती बघून आल्या, मग अदलाबदल केली. वीसेक फूट उंच ती मूर्ती वडिलांनी एकट्यानेच, घाई न करता बघितली. आई मला म्हणाली, "मागच्या वर्षीचे हे असते तर त्याला उचलून वर नेलं असतं." चौपाटीवर चुलतभावंडं भेटल्यावर तोच मुलगा रात्री दहापर्यंत वाळूत होता.

सोमवारी पहाटे वडील उठून कपडे करत होते. आई आणि धाकटा गाढ झोपलेले. थोरली जागी झाली आणि म्हणाली, "म्हातारीचा बूट ना? मी येते." दोघं टॅक्सी करून मलबार हिलला गेली. तो बुटाच्या आकाराचा मनोरा ज्या बागेत आहे, तिथून खाली चौपाटीचा सगळा वळसा दिसतो. तिथल्या बाकावर तिने त्यांना गोवळकोंड्याचं सांगितलं. आपण होऊन. मी तिला सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "मग तेव्हा हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही वर होता, बाबा."

हे मला त्यांनी आठवड्याने फोनवर सांगितलं. नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत, आणि मीही घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "तो बूट तसा लहानच आहे, मॅडम. मला इतकी वर्षं वाटत होतं, केवढा असेल."